बिनपाण्याच्या मिरच्या

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण कोलकात्यातल्या आमच्या बोळात, भिंतीला टांगलेल्या चाळीस अर्ध्या कापलेल्या बाटल्यांत मी अकरा वर्षं मिरच्या पिकवतोय, तेही पाण्याच्या थेंबाशिवाय. बागांच्या स्पर्धेसाठी बाग बघायला आलेल्या गल्लीतल्या क्लबवाल्यांना मी ठणकावून सांगितलं, "वरच्या मजल्यावरच्या बीथिका बौदीशी, म्हणजे बीथिका वहिनीशी, माझं हाडवैर आहे. तिच्या शिव्या ऐकून ऐकूनच या मिरच्या पोसल्यात!" खूश होऊन त्यांनी पहिल्या बक्षिसाची पितळी झारी माझ्या हातात ठेवली.



तोच वरच्या खिडकीतून बौदी कडाडली, "थापाड्या भवतोष! तुझी बाग सडून मरावी म्हणून अकरा वर्षं रोज मासळी धुतलेलं पाणी मी ओततेय तिच्यावर. मुकाट्यानं ती झारी वर पाठव!"