तिसरी बाजू

दिशाने पेपर अर्ध्या तासातच आणून दिला. आम्रपालीबाईंनी तो उभ्या उभ्याच चाळला. पहिलंच उत्तर चूक. काटकोन त्रिकोणाचा कर्ण तेरा, एक बाजू पाच, तर तिसरी बाजू किती? दिशाने तेरातून पाच वजा करून आठ लिहिले होते. पुढच्या त्रिकोणाच्या बाजू सहा आणि आठ. त्यांची सरळ बेरीज करून कर्ण चौदा. त्यानंतरची पानं कोरी.

बाईंनी समोर पाहिलं. वर्गात पाहायला दुसरं कोणी नव्हतंच. रत्नागिरीपासून बावीस किलोमीटरवरच्या त्या वाडीतल्या शाळेत यंदा दिशा एकटीच होती. बाकीची मुलं आईबापांबरोबर मुंबईला गेली, नाहीतर गाडीने इंग्रजी शाळेत जायला लागली. ही आठवी पास होऊन हायस्कुलात गेली की शाळेला कुलूप लागणार, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

वर्षभर दोघीच. प्रार्थना दोघींनी म्हणायची, हजेरी एकीची घ्यायची, दुपारी पायरीवर बसून एकमेकींच्या डब्यातलं खायचं. बाई वाडीतच भाड्याच्या खोलीत राहत. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा विरारला, त्याचा फोन रविवारी, तोही रेंज असली तर. सुट्टीच्या दिवशी कधीकधी संध्याकाळ होई आणि बाईंच्या लक्षात येई, आज आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही.

परवाच दिशाने शाळेसमोरच्या कातळावर खडूने त्रिकोण आखला होता. झेंड्याच्या खांबाच्या टोकापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत पताकांची दोरी किती लागेल, ते तिने वर्ग करून, वर्गमूळ काढून सांगितलं होतं. दोरी लावून पाहिली तर बोटभराचाही फरक नव्हता.

"हे मुद्दाम केलंस?" बाईंनी विचारलं.

दिशा हळूच म्हणाली, "मी नापास झाले तर शाळा अजून एक वर्ष राहील ना, बाई?"

"आणि तुझी नववी?"

"मी गेले तर तुम्ही डबा कोणाबरोबर खाणार?"

बाई फळ्याकडे वळल्या. फळा कोराच होता, तरी त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पुसला. पुन्हा वळल्या तेव्हा त्या हसत होत्या.

"अगो, तुला सांगायचंच राहिलं. मला चिपळूणची शाळा मिळाल्ये, जूनपासून. नुसत्या सातवीत बेचाळीस पोरं आहेत."

"खरंच?"

"मग! डब्यातला घास तरी माझ्या वाट्याला येतो की नाही, कोण जाणे."

दिशा मोठ्याने हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली. बाईंनी पेपर तिच्या हातात दिला.

"अजून दीड तास आहे. नीट सोडव."

तिने आठवर रेघ मारली. एकशे एकोणसत्तरातून पंचवीस गेले, एकशे चव्वेचाळीस. त्याचं वर्गमूळ बारा. मग तिने मान वर केली नाही. वेळ संपायच्या आधीच सगळे त्रिकोण सुटले होते.

निकालाच्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. हायस्कूल जवळ पडावं म्हणून ती आता मावशीकडे राहणार होती. बाईंच्या पाया पडून ती मोटारसायकलवर बसली. वळणावरून तिने मागे पाहून ओरडून सांगितलं, "बाई, चिपळूणच्या पोरांना माझं नाव सांगा हां!"

"सांगेन गो!" बाई ओरडल्या.

मोटारसायकलचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत त्या पायरीवर उभ्या होत्या. चिपळूणला कुठलीच शाळा त्यांची वाट पाहत नव्हती. एकतीस मेला त्या निवृत्त होत होत्या.