आमची शाखा नाही

सकाळी अकरा वाजता थोरल्याच्या रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी सूपची व्हॅन थांबली. ड्रायव्हर नवा होता.

"साहेब, आज जरा घोळ झालाय. तुमची हिरवी झाकणं समोरच्यांकडे गेली, त्यांची लाल तुमच्याकडे आली. आत सूप एकच आहे, काळजी नको."

"समोरच्यांकडे?" थोरल्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

आई गेली, आणि तिचं सूप खरं कुणाला जमतं यावरून दोघा भावांची तोंडं फिरली ती फिरलीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच पाटी लागली: 'आईच्या हातची खरी चव. आमची शाखा नाही.' पुढे मोबाइलवरच्या ऑर्डरी वाढल्या, आचारी टिकेनात. गेल्या वर्षी थोरल्याने गुपचूप कारखान्याचं सूप सुरू केलं. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

लाल झाकणाचा डबा तसाच हातात धरून तो पुढच्या दाराकडे निघाला. रोजच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने चमचा चाटत दाद दिली, "काही म्हणा मालक, समोरच्याला ही चव सात जन्मांत जमायची नाही!"

थोरला कसंबसं हसला आणि बाहेर आला.

समोरच्या दारात धाकटा उभा होता. त्याच्या हातात हिरवं झाकण होतं. त्याने आधी थोरल्याच्या हातातला डबा पाहिला, मग डोक्यावरची पाटी. आई गेल्यानंतर आज पहिल्यांदा त्याने हाक मारली.

"दादा... तू कधीपासून?"