टाकीचा तळ

सर्जननी चिमटा टेबलावर आपटला. त्याच्या सांध्यात वाळलेलं रक्त होतं.

“भूल द्यायच्या आत दिसलं म्हणून निभावलं. बाई, उद्यापासून येऊ नका.”

अवजारं धुणारी बाई हात पुसत उठली. अकरा वर्षं तिने याच खोलीत काढली होती. “साहेब, अवजारं धुवायच्या टाकीत दोष आहे. तीनदा कळवलं मी.”

टाकीच्या कंपनीचा इंजिनियर सकाळीच बोलावल्यामुळे हजर होता. तो तिच्याकडे न बघताच हसला.

“सर, आवाज ऐका. मशीन चालू आहे. टाकीच्या तळाला खालून सहा ट्रान्सड्यूसर चिकटवलेत. वीज मिळाली की ते सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. त्याने पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटताना मळ उपटून काढतात. माणसाने काही करायचंच नसतं. फक्त टाकायचं आणि काढायचं. यांना तेवढंही...” त्याने खांदे उडवले.

“काही करायचंच नसतं, तर मी बिघडवलं काय?” बाईने विचारलं.

तिने कपाटातून ॲल्युमिनियम फॉइल काढली, टाकीच्या लांबीची पट्टी फाडली आणि पाण्यात धरली.

“आता ही स्वयंपाक करणार,” इंजिनियर म्हणाला. सर्जन हसले.

मिनिटभराने तिने पट्टी वर काढली आणि खिडकीसमोर धरली. डावी बाजू चाळणीसारखी झाली होती. उजव्या बाजूला एकही भोक नव्हतं.

इंजिनियरने वीज बंद केली, गुडघ्यांवर बसून टाकीचं खालचं झाकण उघडलं. उजवीकडच्या तीन ट्रान्सड्यूसरचा गोंद सुटला होता. तिन्ही तळापासून निघून वायरींना लोंबकळत होते. इतके दिवस ते हवेतच थरथरत होते.

सर्जननी त्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! बरोबर शोधून काढलंत.” मग बाईकडे वळून म्हणाले, “ठीक आहे, या उद्या. पण यापुढे लक्ष ठेवत जा.”

“थँक यू, सर,” इंजिनियर म्हणाला.

सर्जन गेले. इंजिनियरने कपडे झटकले. “फॉइलचं कोणी शिकवलं तुम्हाला?”

“तुमच्याच पुस्तकात आहे. मशीनबरोबर आलं होतं. वाचावं लागतं.”

तो बॅग उचलून दाराकडे निघाला. बाईने मधे स्टूल सरकवलं आणि चिमटे-कात्र्यांनी भरलेला ट्रे त्याच्यासमोर ठेवला.

“टाकी बंद. दुपारी तीन ऑपरेशनं आहेत. आता हे सगळं हाताने घासायचं.”

“मी?”

तिने त्याला ब्रश आणि हातमोजे दिले.

“अंगठी काढून ठेवा,” ती म्हणाली. “हातमोजा फाटतो.”