सकाळची टोपली

"रऊफची आई, सकाळी काही खाऊ नका. वजन उतरलं की गुडघेही दुखायचे थांबतील," डॉक्टर म्हणाले.

शेजारीण तर हात धुऊन मागेच लागली. "रऊफची आई, उद्या खिडकीतून टोपली सोडलीत तर बघा हं! त्या गाडीवाल्याच्या उसळीनंच घात केलाय तुमचा."

वजन उतरावं असं तिलाही वाटत होतंच. तिने सकाळची खिडकी उघडणं बंद केलं. भुकेची सवयही होत आली. आज मात्र दोरी बांधलेली टोपली घेऊन ती पुन्हा खिडकीशी आली.

खाली बाकल्याच्या, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांच्या उसळीची हातगाडी थांबली. गाडीवाला म्हातारा दरवीश तिच्या माहेरच्या गल्लीतला, लहानपणी तिच्याबरोबर खेळलेला. मान वर करून तो ओरडला, "बहिया! ए बहिया, रुसलीस का गं माझ्या उसळीवर? सोड टोपली!"

नवरा गेल्यापासून तिला या नावाने हाक मारणारं अख्ख्या अलेक्झांड्रियात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दोरी हातात घट्ट धरून ती गप्पच उभी राहिली. त्याने अजून एकदा हाक मारावी म्हणून.