सुरुवातीपासून सांग

“सुरुवातीपासून सांग,” कॉलेजच्या तक्रार समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

मावशीने खुर्चीत चुळबुळ केली. सोबत आलेल्या माणसाने नुसतं बसायचं, बोलायचं नाही, असा नियम तिला दारातच ऐकवला होता. दिवसभर जिचं शिलाई मशीन आणि तोंड एकाच वेगाने चालायचं, तिला ही शिक्षाच होती. पण भाचीसाठी ती ओठ घट्ट मिटून बसली.

भाची सांगू लागली. प्रयोगशाळेतला तास संपवून सगळे गेले. सरांनी वही तपासायची म्हणून तिला एकटीला थांबवलं. दार लावून घेतलं. ती नको म्हणाली तरी त्यांनी अंगावरचा हात काढला नाही. वार, वेळ, कोणतं टेबल, ती बाहेर कशी पळाली, सगळं तिने ओळीने सांगितलं. कुठेही अडखळली नाही. डोळे कोरडे होते.

मावशी मनातल्या मनात तिच्याबरोबर एकेक वाक्य म्हणत होती. पुढचं वाक्य तिला ठाऊकच होतं, कारण तिनेच ते घोटून घेतलं होतं. मागे उपप्राचार्यांपुढे सांगताना पोर वारावर गडबडली होती. “आधी नक्की काय ते आठव, मग ये,” असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. तेव्हा ती वसतिगृह सोडून मावशीकडे राहायला आली. मग मावशी काज-बटणं करता करता रोज विचारायची, “बरं, मग काय झालं?” आणि पोर सांगायची. ऐकताना मावशीचाच टाका चुकायचा, उसवून परत घालावा लागायचा. पोर मात्र एकदाही रडली नाही. मावशीला वाटलं, धीट आहे, आईवर गेलीय.

आज समितीला पटलं, तर चौकशी संपेपर्यंत सरांना प्रयोगशाळेत पाऊल टाकता येणार नव्हतं. नाही पटलं, तर सोमवारपासून भाचीने त्याच टेबलापाशी, त्यांच्याच हाताखाली उभं राहायचं. “मग मी कॉलेज सोडेन, मावशी,” असं ती सकाळी वेणी घालताना म्हणाली होती. आज डबा नको म्हणावं, इतक्या सहज. तेव्हापासून मावशीच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

भाचीचं सांगून झालं. उपप्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम पाण्याचा ग्लास उगाच इकडून तिकडे सरकवत होत्या.

अध्यक्षबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. “बाळ, राग मानू नकोस. एवढं सगळं घडलं म्हणतेस, आणि बातम्या वाचाव्यात तसं सांगतेस. एकदाही आवाज कापला नाही तुझा. आम्हालाही प्रश्न पडतो. हे सगळं कुणी पढवलंय का तुला?”

करायला गेले एक आणि झालं भलतंच, मावशीला वाटलं. पोरीच्या भल्यासाठी धडपडले आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायावर धोंडा पाडला. ती ताडकन उठली. “अहो बाई, तिची काही चूक नाही. मीच तिला...”

“तुम्ही बोलायचं नाही,” उपप्राचार्य म्हणाले.

मावशी तशीच उभी राहिली. बसावं की पोरीचा हात धरून सरळ बाहेर पडावं, तिला सुचेना. भाचीनेच तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“मावशीने सराव करून घेतला, हे खरं आहे,” ती म्हणाली. “वार चुकू नये म्हणून. पण न रडता सांगायला तिने नाही शिकवलं.”

“मग कुणी शिकवलं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

भाचीने इतक्या वेळात पहिल्यांदाच टेबलाच्या टोकाकडे पाहिलं.

“तिथून पळाले, ती थेट रेक्टर मॅडमकडे गेले. इतकी रडत होते, की तोंडातून शब्द फुटत नव्हता. मॅडम म्हणाल्या, अशी रडत सांगशील तर कोण विश्वास ठेवेल?”