दुसरी क्लिप

टक्. हॉटेलच्या खोलीतल्या शांततेत लेकीच्या केसांत क्लिप मिटली. आईनं दुसरीसाठी हात पुढे केला, तशी लेकीनं मान खाली घातली.

"दुसरी कुठंय गं?"

"शाळेतल्या ताईला दिली." लेक कुजबुजली. "तिनं पटकन मोज्यात लपवली. कुण्णाला दिसलं नाही."

काल त्यांना एक शाळा दाखवली होती, खास परदेशी पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली. तिथल्या मुलींनी लेकीलाही हात धरून फेरात ओढलं होतं. तेव्हाच झालं असणार.

खोलीत कुणी चोरून ऐकत असेल म्हणून आईनं बाथरूमचा नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड बाबांना सांगितलं. या देशात शिरतानाच बजावलं होतं: इथल्या माणसाला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. आणलंय तेवढंच परत न्यायचं. तिघांचेही डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढले होते. "मुलगी बघायला आल्यासारखे बघतायत," बाबा तेव्हा हसले होते. लेकीच्या फोटोत दोन लाल क्लिपा होत्या.

"एवढीशी तर क्लिप. कोण बघतंय?" बाबा म्हणाले. पण त्यांनी नळ आणखी मोठा केला.

आईनं लेकीला टोपी घातली. "कुणी विचारलंच तर हरवली म्हणायचं हं, राणी." खोटं बोललीस तर बघ, असं म्हणून परवापर्यंत तीच कान धरत होती.

दार वाजलं. सावली विमानतळावर न्यायला आली होती. ही त्यांची गाईड. पहिल्या दिवसापासून पाठ सोडत नव्हती, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. ती कधी हसायची नाही. तिनं टोपीकडे एकदा पाहिलं आणि बॅग उचलली.

विमानतळावर अधिकाऱ्यानं पडद्यावर लेकीचा तो फोटो लावला.

"टोपी."

आईनं टोपी काढली. अधिकारी फोटोकडे बघायचा, केसांकडे बघायचा. मागे दोन शिपाई येऊन उभे राहिले. त्यांतल्या एकानं बाजूच्या खोलीचं दार उघडून धरलं.

"दुसरी?"

"हरवली," आई म्हणाली.

"कुठे?"

तेवढ्यात सावली पुढे झाली. तिनं कोटाच्या खिशातून लाल क्लिप काढली. "बसमध्ये पडली होती," ती अधिकाऱ्याला म्हणाली. मग वाकून तिनं ती लेकीच्या केसांत लावली. अगदी हळू, एक केस न ओढता. आईकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

शिक्के बसले.

काचेच्या दारापलीकडे पोचल्यावर बाबांनी भिंतीला पाठ टेकली. "देवमाणूस निघाली की बाई! आणि मी मेला तिला सावली म्हणत होतो." आईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं लेकीला उचलून उराशी धरलं, तिच्या कपाळाचे, गालांचे मुके घेतले. सुटलो, सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

लेक हसली नाही. तिनं केसांतली क्लिप बोटांनी चाचपून पाहिली.

"आई, ही बसमध्ये नव्हती गं. ताईच्या मोज्यात होती. मग ताई कुठंय?"