हलकं काम

मुकादम सेवकराम पाणी प्यायला गावातल्या विहिरीकडे निघाला, तेव्हा चंद्रकलाने घमेलं खाली ठेवून मोहाच्या झाडाकडे पाहिलं. झाडाखालचा रांजण जवळपास भरलेलाच होता.

रांजणाशेजारी तुळसा बसली होती. तिच्या मागे फांदीला बांधलेल्या झोळीत तिची तान्ही मुलगी निजली होती. चार दिवसांपूर्वी मोहाडीहून ओवरसियर आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर नवा नियम सांगितला होता : जिच्या अंगावर पिणारं लेकरू आहे तिला माती वाहायला लावायची नाही. तिला हलकं काम द्यायचं, लेकरू सावलीत राहील असं. म्हणून तुळसाला पाणी पाजायचं काम मिळालं. बायकांनी माना डोलावल्या होत्या. नियम चांगलाच होता.

तेव्हापासून तहान लागली की लोक तलावाची पार चढून, पलीकडे उतरून, उन्हातून विहिरीवर जात. बौद्ध मोहल्ल्यातली माणसं तेवढी रांजणाशी येत. जाण्यायेण्यात वेळ मोडे आणि संध्याकाळी खड्ड्याचं माप, आणि त्यावर मिळणारी मजुरी, कमी भरे. तुळसाच्या हातचं नको, असं तोंडाने कोणी म्हणत नव्हतं. विहिरीचं पाणी थंड असतं, म्हणत. रांजणातलं पाणीही त्याच विहिरीचं होतं.

त्या साली धान गर्भात असतानाच पाऊस गेला होता. बिडीचा कारखाना बंद पडला होता, राशनच्या दुकानात ज्वारी आली तर तेल नसे. शेतवाले आणि त्यांचे मजूर, दोघंही रोजगार हमीच्या एकाच तलावात गाळ उपसायला उतरले होते. तुळसा दरवर्षी चंद्रकलाच्याच शेतात धानाच्या रोवणीला यायची. आता चंद्रकला पदर नाकापर्यंत ओढून मजुरांच्या रांगेत मातीची घमेली वाहत होती. माहेरकडचं कोणी रस्त्याने जाताना दिसलं की ती पाठ फिरवून उभी राही. तळहाताचे फोड फुटून तिथे आता नुसती आग होत होती.

सेवकराम तोंड पुसत परतला. तो सरळ तिच्याकडेच आला.

"वहिनी, तुमी बसता का पान्यावर?" त्याची नजर कुदळीकडे होती. "काम मागं पडून राह्यलं. तुमच्या हातचं समदे पेतील."

"माह्या अंगावर कुठं लेकरू आहे, भाऊजी? माह्या पोराले मिसरूड फुटली."

"ते मी पाहून घेतो. तिनं आपल्या मनानं सोडलं, म्हून सांगतो साहेबाले."

चंद्रकलाने एकदा झोळीकडे पाहिलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता.

"सावलीतच बसाचं ना?" तिने विचारलं.

"सावलीतच."

सेवकराम तुळसाकडे गेला. तो काय बोलला ते चंद्रकलाला ऐकू आलं नाही. "काहून?" एवढा तुळसाचा आवाज मात्र आला. मग तुळसाने मान वळवून चंद्रकलाकडे पाहिलं, आणि चंद्रकला आपले तळहात पाहू लागली.

तुळसाने लुगड्याचा ओचा खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चंद्रकलाने खाली ठेवलेलं घमेलं उचललं.

"पोरगी उठली तं झोका देजा, बाई," जाताजाता ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांजण अर्ध्यावर आला. लोक येत, ओंजळी धरत, तोंडावर पाणी मारत, "पोट थंड झालं, वहिनी," म्हणत. विहिरीकडे कोणीच गेलं नाही. चंद्रकलाला सावली गोड लागत होती, आणि ती गोड लागते याचाच तिला राग येत होता. मुलगी उठली, रडली, रडतच राहिली. चंद्रकलाने झोके दिले, ओल्या बोटाने तिचे ओठ पुसले. मुलगी ते बोट चोखू लागली आणि पुन्हा रडू लागली. पारेवर तुळसा घमेलं घेऊन जागीच थांबली होती. "हात चालू द्या," सेवकराम कोणाचं नाव न घेता ओरडला. तुळसा पुढे चालू लागली.

सुट्टी झाली तेव्हा ती धावतच आली. तिची चोळी पुढून भिजली होती. तो घाम नव्हता, हे कळायला चंद्रकलाला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही. तुळसा झाडाकडे तोंड करून मुलीला पाजत बसली. मूल शांत झाल्यावर तिने गाठोड्यातला आपला गिलास काढला आणि पाणी प्यायला थांबलेल्या लोकांच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली. तिने गिलास पुढे धरला.

चंद्रकलाने लोटा बुडवला. रोवणीच्या दिवसांत बांधावर तुळसा ओंजळ धरायची आणि ती वरून धार सोडायची. त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नव्हतं, निदान चंद्रकलाच्या तरी. आज समोर ओंजळ नव्हती, तरी तिचा हात आपणहून वर गेला, खांद्याच्याही वर. धार गिलासाच्या काठावर आपटली, तुळसाच्या मनगटावरून ओघळली आणि भेगाळलेल्या जमिनीत गेली.

"हात खाली घ्या, बाई," तुळसा हलकेच म्हणाली. "पानी सांडून राह्यलं."

मागे उभे असलेले सगळे चंद्रकलाच्या हाताकडे पाहत होते. सेवकरामही पाहत होता.

तिने हात खाली घेतला. गिलासाच्या वीतभर वर येऊन तो थांबला, आणि तिच्या मनात असूनही त्याहून खाली जाईना.